लष्करी अधिकाऱ्याचे वेतन आणि सेवालाभ : स्वरूप, आधार आणि मर्यादा

प्रस्तावना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये सेनादलातील अधिकारीपदाविषयी मोठे आकर्षण आहे. राष्ट्रीय छात्रसेनेतील विद्यार्थी, खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे स्वप्न पाहणारे कनिष्ठ महाविद्यालयातील मुलगे आणि मुली, तसेच पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेला बसणारे उमेदवार या सर्वांच्या चर्चेत एक प्रश्न हमखास येतो : लष्करी अधिकाऱ्याला पगार किती मिळतो? या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका आकड्यात दिले जाते. मार्गदर्शन वर्गांच्या जाहिरातींत हा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. आकडा खोटा नसतो, परंतु अपुरा असतो.

लष्करी अधिकाऱ्याचे वेतन हे केवळ कामाचा मोबदला नसते. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची भरपाई एकत्र केलेली असते : प्रत्यक्ष काम, जिवाची जोखीम व नागरी हक्कांवरील मर्यादा, आणि लवकर संपणारी कारकीर्द. यांपैकी पहिल्या गोष्टीचे मोल दरमहा हाती पडते. दुसरीचे अंशतः पडते. तिसरीचे मात्र निवृत्तीनंतर मिळते आणि सर्वांना मिळत नाही. म्हणून 'किती मिळते' या प्रश्नाइतकेच 'कशासाठी मिळते, केव्हा मिळते आणि कोणाला मिळत नाही' हे प्रश्नही महत्त्वाचे ठरतात. भारतीय भूदलातील अधिकाऱ्यांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वेतनाचे आकडे सातव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या रचनेतील, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सैन्याचे वेतन कसे द्यावे हा प्रश्न राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. मराठ्यांच्या इतिहासात त्याची दोन उत्तरे दिसतात. शिवकाळात सैन्याला गावे वा महाल तोडून न देता रोख रक्कम किंवा सरकारी खजिन्यावरील वराता देण्याकडे कल होता. वेतन रोख असले की सैनिकाची निष्ठा थेट राज्याशी राहते, हे त्यामागचे तत्त्व होते. पुढे मोगलांशी चाललेल्या दीर्घ संघर्षाच्या काळात रोख वेतन देणे अशक्य झाले आणि सरंजामाची पद्धत रुजली. सरदार आपल्या सरंजामाच्या उत्पन्नावर फौज बाळगू लागला व त्याबरोबरच तो स्वतंत्रही होऊ लागला. वेतनाच्या पद्धतीचा परिणाम लष्कराच्या स्वरूपावर होतो, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण होय.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातही हाच अनुभव आला. मोहिमेवर असताना मूळ वेतनाखेरीज दिल्या जाणाऱ्या रकमेला कंपनीच्या दप्तरात 'बट्टा' म्हणत. बंगालमधील दुप्पट बट्टा रॉबर्ट क्लाइव्हने बंद केला, तेव्हा १७६६ मध्ये कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीच सामूहिक राजीनाम्यांचे हत्यार उपसून बंड केले. भत्त्यांविषयीची नाराजी ही आजची नवलाई नव्हे, हे यावरून लक्षात येते.

स्वातंत्र्यानंतर सेनादलांचे वेतन प्रारंभी नागरी वेतन आयोगांच्या कक्षेबाहेर ठरत असे. तिसऱ्या केंद्रीय वेतन आयोगापासून, म्हणजे १९७० च्या दशकापासून, ते नागरी कर्मचाऱ्यांबरोबर एकाच आयोगाकडे सोपवण्यात आले. तेव्हापासून लष्करी आणि नागरी सेवांची तुलना हा वेतनविषयक चर्चेचा कायमचा विषय झाला. चौथ्या आयोगाने १९८६ पासून कॅप्टन ते ब्रिगेडियर या हुद्द्यांसाठी हुद्दावेतन सुरू केले. परंतु वेतननिश्चिती करताना तेवढी रक्कम मूळ वेतनातून वजा करण्यात आली. मेजर धनपालन यांनी याविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांच्या बाजूने लागलेला निकाल पुढे सर्व संबंधित अधिकाऱ्यांना लागू व्हावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केला. १९८६ मधील वजावटीचा न्याय मिळण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. दरम्यान अनेक अधिकारी निवृत्त झाले होते.

मूळ वेतन आणि वेतनस्तर

सातव्या वेतन आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती अशोककुमार माथूर होते. आयोगाने आपला अहवाल नोव्हेंबर २०१५ मध्ये सादर केला. त्यानंतर अधिकाऱ्यांचे वेतनस्तर पुढीलप्रमाणे ठरले.

तक्ता क्र. १ : हुद्दा, वेतनस्तर आणि त्या स्तराचे किमान मासिक मूळ वेतन (रुपये)

लेफ्टनंट – स्तर १० – ५६,१००
कॅप्टन – स्तर १०ब – ६१,३००
मेजर – स्तर ११ – ६९,४००
लेफ्टनंट कर्नल – स्तर १२अ – १,२१,२००
कर्नल – स्तर १३ – १,३०,६००
ब्रिगेडियर – स्तर १३अ – १,३९,६००
मेजर जनरल – स्तर १४ – १,४४,२००
लेफ्टनंट जनरल – स्तर १५ – १,८२,२००
लष्करप्रमुख – स्तर १८ – २,५०,००० (स्थिर)

लेफ्टनंट जनरल हुद्द्यावरील काही पदांसाठी स्तर १६ व १७ आहेत. त्यांपैकी लष्करी कमांडच्या प्रमुखांना स्तर १७, म्हणजे २,२५,००० रुपये स्थिर वेतन मिळते. प्रत्येक स्तरात वर्षाला सुमारे ३ टक्के वेतनवाढ असते. प्रबोधिनीतील प्रशिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात, उदाहरणार्थ डेहराडून येथील भारतीय लष्करी प्रबोधिनीत, छात्राला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते.

या तक्त्यातील दोन बाबी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, लेफ्टनंटचे प्रारंभिक मूळ वेतन भारतीय प्रशासकीय सेवेतील नवनियुक्त अधिकाऱ्याइतकेच आहे. दोघेही स्तर १० वर सुरुवात करतात. दुसरी, मेजर आणि लेफ्टनंट कर्नल यांच्या किमान वेतनांत ५१,८०० रुपयांचे अंतर आहे. एवढी मोठी पायरी तक्त्यात अन्यत्र खालच्या हुद्द्यांत नाही. ही पायरी साधारणतः १३ वर्षांच्या सेवेनंतर येते. कारकिर्दीच्या आर्थिक दृष्टीने तो निर्णायक टप्पा होय. त्याआधी सेवा सोडणाऱ्याच्या वाट्याला ही वाढ येत नाही.

लष्करसेवा वेतन : कशाची भरपाई?

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील सहाव्या वेतन आयोगाने २००८ मध्ये सादर केलेल्या अहवालात लष्करसेवा वेतनाची संकल्पना मांडली. इंग्रजीतील नावावरून तिला सर्वत्र 'मिलिटरी सर्व्हिस पे' असेच म्हटले जाते. ब्रिगेडियर हुद्द्यापर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी ही रक्कम तेव्हा दरमहा ६,००० रुपये होती. सातव्या आयोगानंतर ती १५,५०० रुपये झाली. लष्करी परिचर्या सेवेतील अधिकाऱ्यांसाठी १०,८०० रुपये, तर कनिष्ठ आयुक्त अधिकारी व जवानांसाठी ५,२०० रुपये असा दर ठरला. महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतन यांच्या हिशेबात ही रक्कम धरली जाते, वार्षिक वेतनवाढीच्या हिशेबात धरली जात नाही.

हे वेतन केवळ सेनादलांना का, याचे उत्तर भारतीय राज्यघटनेत सापडते. घटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सेनादलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. १९५० च्या लष्कर अधिनियमाच्या कलम २१ मध्ये त्या मर्यादांची तरतूद आहे. लष्करी अधिकारी कर्मचारी संघटना स्थापू शकत नाही, संप करू शकत नाही, वृत्तपत्रांतून आपली वेतनविषयक गाऱ्हाणी मांडू शकत नाही. नागरी नोकर सहज राजीनामा देऊ शकतो. लष्करी अधिकाऱ्याचा राजीनामा मंजूर होईपर्यंत त्याला सेवेत राहावे लागते. लष्करी कायद्याखाली त्याच्यावर सैनिकी न्यायालयात खटला चालू शकतो. एखादी टेकडी काबीज करण्याचा आदेश मिळाला असता त्यास नकार देण्याचा पर्याय त्याच्यापुढे नसतो. वाटाघाटीचा हक्क ज्याच्याकडून राज्यसंस्था काढून घेते, त्याच्या वेतनाचा विचार राज्यसंस्थेनेच आपणहून न्यायाने केला पाहिजे. लष्करसेवा वेतनाचा नैतिक आधार हा आहे.

मासिक वेतनावर त्याचा परिणाम किती होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जुलै २०२५ पासून महागाई भत्त्याचा दर ५८ टक्के होता. त्या दराने नवनियुक्त लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, लष्करसेवा वेतन १५,५०० रुपये आणि या दोहोंच्या बेरजेवर महागाई भत्ता ४१,५२८ रुपये, असे एकूण १,१३,१२८ रुपये होतात. त्याच स्तरावरील नागरी अधिकाऱ्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ८८,६३८ रुपये होतात. म्हणजे फरक २४,४९० रुपयांचा. भविष्य निर्वाह निधीची व गटविम्याची वर्गणी, आयकर आणि भोजनगृहाचे म्हणजे मेसचे देयक वजा जाऊन उरणारी रक्कम अधिकाऱ्याच्या हाती येते. जाहिरातींतील आकडा हा या वजावटीपूर्वीचा असतो.

जोखीम आणि खडतरता यांचे भत्ते

पूर्वी अशा भत्त्यांची संख्या मोठी होती आणि दरांत सुसंगती नव्हती. सातव्या आयोगाने जोखीम व खडतरता या दोन निकषांचा एक चौकोनी तक्ता तयार करून बहुतेक भत्ते त्यात बसवले. जितकी जोखीम अधिक आणि जितके जीवनमान खडतर, तितका तक्त्यातील दर वरचा. सियाचेनला या तक्त्याच्या शिरोभागी स्वतंत्र स्थान मिळाले.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या निर्णयानुसार सियाचेन भत्ता अधिकाऱ्यांसाठी दरमहा २१,००० वरून ४२,५०० रुपये, आणि जवान व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांसाठी १४,००० वरून ३०,००० रुपये झाला. बंडखोरीविरोधी कारवायांतील भत्ता ६,००० ते १६,९०० रुपयांच्या दरम्यान, अतिउंच प्रदेशातील भत्ता प्रदेशाच्या वर्गानुसार २,७०० ते २५,००० रुपयांच्या दरम्यान, तर उड्डाण भत्ता १७,३०० ते २५,००० रुपयांच्या दरम्यान ठरला. या प्रत्येक बाबतीत वरचा दर अधिकाऱ्यांचा आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढावेत, अशीही तरतूद आहे. जानेवारी २०२४ मध्ये हा टप्पा गाठला गेला.

हे भत्ते त्या ठिकाणी असेपर्यंतच मिळतात. शांतताक्षेत्रात बदली झाली की ते थांबतात, आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबात ते धरले जात नाहीत. त्यामुळे सियाचेनवर नियुक्त असलेल्या अधिकाऱ्याच्या एखाद्या महिन्याच्या वेतनपत्रकावरून संपूर्ण कारकिर्दीच्या मिळकतीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरेल. शिवाय काही किमती या तक्त्यात मोजल्याच जात नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या बदलीमुळे पत्नीची वा पतीची नोकरी टिकत नाही, मुलांच्या शाळा आणि शिक्षणाचे माध्यम बदलत राहते, गावाकडील वृद्ध आईवडिलांची जबाबदारी भावंडांवर पडते. अधिकाऱ्याच्या कुटुंबाने दिलेल्या या किमतीसाठी कोणत्याही आयोगाने स्वतंत्र रकाना ठेवलेला नाही.

पदोन्नतीचा मनोरा

वेतनाचा विचार पदोन्नतीपासून वेगळा करता येत नाही. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशी २००४ मध्ये लागू झाल्यानंतर कॅप्टन, मेजर आणि लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे अनुक्रमे २, ६ आणि १३ वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध पद्धतीने मिळू लागले. त्यापुढे कर्नलपासून निवड मंडळाची चाळणी लागते. लष्कराची रचना मनोऱ्यासारखी असल्याने वर जावे तशी पदे झपाट्याने कमी होतात. निवड न झालेल्या अधिकाऱ्याला २६ वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध कर्नल हुद्दा मिळतो. परंतु पलटणीचे नेतृत्व त्याच्या वाट्याला येत नाही.

प्रशासकीय सेवेतील अधिकारी स्तर १४ वर साधारणतः १६ वर्षांच्या सेवेनंतर पोहोचण्यास पात्र होतो. लष्करात हाच स्तर मेजर जनरलचा असून तो तीन दशकांच्या सेवेच्या आसपास आणि अगदी मोजक्यांनाच लाभतो. एकाच स्तरावर सुरुवात करणाऱ्या दोन पदवीधरांमधील अंतर असे वाढत जाते. सहाव्या आयोगानंतर संघटित गट 'अ' नागरी सेवांना यावर एक उतारा मिळाला : पद रिक्त नसले, तरी प्रशासकीय सेवेतील दोन वर्षे कनिष्ठ तुकडीला मिळालेला वेतनस्तर त्यांना देण्याची तरतूद झाली. सेनादलांनी हाच लाभ मागितला. सातव्या आयोगाच्या सदस्यांत यावर एकमत झाले नाही आणि सेनादलांना तो लागू झाला नाही. हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. लष्करी व नागरी अधिकारी ज्या ठिकाणी एकत्र काम करतात, तेथे वेतनस्तरावरून ज्येष्ठता मोजली जाण्याचा धोका असतो, ही सेनादलांची खरी चिंता आहे.

निवृत्तिवेतन : पुढे ढकललेला मोबदला

सैन्य तरुण राहिले पाहिजे, म्हणून लष्करात निवृत्तीचे वय हुद्द्याशी जोडलेले आहे. भूदलात कर्नल ५४ व्या वर्षी, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी निवृत्त होतो, असा सर्वसाधारण नियम राहिला आहे. नागरी अधिकारी ६० व्या वर्षापर्यंत सेवेत असतो. मुलांचे उच्च शिक्षण आणि विवाह यांचा खर्च समोर उभा असतानाच बहुतेक लष्करी अधिकाऱ्यांची नोकरी संपते. त्यामुळे लष्करी निवृत्तिवेतन हे राहून गेलेल्या सेवावर्षांची अंशतः भरपाई ठरते.

अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची अर्हताकारी सेवा आवश्यक असते. मूळ वेतन व लष्करसेवा वेतन यांच्या बेरजेच्या ५० टक्के रक्कम आणि तिच्यावरील महागाई सवलत असे त्याचे स्वरूप आहे. समजा एखाद्या कर्नलचे अखेरचे मूळ वेतन २,००,००० रुपये असेल, तर लष्करसेवा वेतन मिळवून होणाऱ्या २,१५,५०० रुपयांचे निम्मे, म्हणजे १,०७,७५० रुपये हे त्याचे मासिक निवृत्तिवेतन होईल. त्यातील ५० टक्क्यांपर्यंत भागाचे अंशराशीकरण करून एकरकमी रक्कम घेता येते. कमी झालेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. याखेरीज उपदान मिळते, ज्याची कमाल मर्यादा जानेवारी २०२४ पासून २५ लाख रुपये झाली, आणि ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे रोखीकरण होते.

१ जानेवारी २००४ पासून केंद्रीय नागरी सेवेत आलेल्यांसाठी अंशदायी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. सेनादलांना मात्र तीतून वगळण्यात आले. निश्चित स्वरूपाचे निवृत्तिवेतन हा आज लष्करी अधिकारीपदाचा मोठा आर्थिक लाभ आहे.

एकाच हुद्द्यावरून, तितकीच सेवा करून, परंतु वेगवेगळ्या वर्षी निवृत्त झालेल्यांना समान निवृत्तिवेतन मिळावे, ही माजी सैनिकांची दीर्घकाळची मागणी होती. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने २०११ मध्ये तिची शिफारस केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' योजनेचा आदेश निघाला आणि ती १ जुलै २०१४ पासून लागू करण्यात आली. निवृत्तिवेतनाचे पुनर्निर्धारण दर पाच वर्षांनी होते. ते दरवर्षी व्हावे, ही माजी सैनिकांची मागणी होती. परंतु सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सरकारची योजना वैध ठरवली. त्यानुसार जुलै २०१९ आणि जुलै २०२४ पासून दरांची सुधारणा झाली. आदेशानंतर स्वेच्छेने मुदतपूर्व निवृत्ती घेणारे या योजनेत बसत नाहीत, ही बाब उमेदवारांना सहसा कोणी सांगत नाही.

अल्पसेवा कमिशन : लाभांच्या उंबरठ्यावर

वरील सर्व लाभांची रचना स्थायी कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याला गृहीत धरून केलेली आहे. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून येणाऱ्या अल्पसेवा कमिशनच्या अधिकाऱ्याची स्थिती वेगळी असते. 'शॉर्ट सर्व्हिस' या नावाने परिचित असलेल्या या सेवेचा कालावधी १० वर्षांचा असून तो १४ वर्षांपर्यंत वाढवता येतो. सेवेत असताना वेतन, लष्करसेवा वेतन आणि भत्ते यांत काहीही फरक नसतो. सीमेवरची थंडी आणि समोरची गोळीही कमिशनचा प्रकार विचारत नाही. तथापि २० वर्षांची अट पूर्ण होत नसल्याने या अधिकाऱ्याला सेवानिवृत्तिवेतन मिळत नाही. एकरकमी उपदान मिळते. दहाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला लेफ्टनंट कर्नलची वेतनपायरीही लाभत नाही. वयाच्या तिशीच्या मध्यावर त्याला नव्याने उपजीविका शोधावी लागते. पुनर्वसन महासंचालनालयाच्या वतीने व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक्रम चालवले जातात आणि २०१९ पासून अशा अधिकाऱ्यांना माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेची दारे उघडली गेली. तरीही मूळ तफावत राहतेच.

स्त्री-अधिकाऱ्यांच्या बाबतीत ही तफावत अधिक ठळक होती. १९९२ पासून त्या भूदलात येऊ लागल्या. परंतु बहुसंख्य शाखांत त्यांना केवळ अल्पसेवा कमिशन उपलब्ध होते. सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी बबिता पुनिया प्रकरणात स्थायी कमिशनचा त्यांचा हक्क मान्य केला. या निकालाचे वर्णन समानतेचा विजय असे झाले आणि ते योग्यच होते. पण त्याला एक ठोस आर्थिक अर्थही होता. स्थायी कमिशन म्हणजे उच्च हुद्द्यांची वाट आणि आयुष्यभराचे निवृत्तिवेतन. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. महाराष्ट्रातील मुलींपुढे आज स्थायी कमिशनचा थेट मार्ग खुला आहे.

अपंगत्व आणि मृत्यू : वर्गीकरणाचे महत्त्व

लष्करी सेवेतील लाभांची खरी कसोटी दुर्दैवाच्या प्रसंगी लागते. सेवेत मृत्यू पावलेल्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन मृत्यूच्या कारणावर अवलंबून असते. तक्ता क्र. १ मधील नवनियुक्त लेफ्टनंटचेच उदाहरण घेऊ. त्याचे निवृत्तिवेतनार्ह वेतन ७१,६०० रुपये आहे.

मृत्यूचा सेवेशी संबंध नसल्यास सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. प्रारंभीची १० वर्षे वाढीव दराने ५० टक्के, म्हणजे ३५,८०० रुपये. त्यानंतर ३० टक्के, म्हणजे २१,४८० रुपये.

कर्तव्यावरील अपघात किंवा सेवेमुळे उद्भवलेला आजार हे कारण असल्यास विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचा दर ६० टक्के, म्हणजे ४२,९६० रुपये आहे.

शत्रूशी लढताना वा दहशतवाद्यांविरुद्धच्या कारवाईत मृत्यू आल्यास उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते अखेरच्या वेतनाइतके, म्हणजे ७१,६०० रुपये असते.

या प्रत्येकावर महागाई सवलत मिळते. २०१६ मध्ये ठरलेल्या दरांनुसार केंद्र सरकारकडून मिळणारे सानुग्रह अनुदान प्रसंगानुसार २५ लाख, ३५ लाख वा ४५ लाख रुपये आहे. लष्करी गटविम्याची रक्कम वेगळी. म्हणजे चौकशी मंडळाने अहवालात लिहिलेले एक वाक्य कुटुंबाच्या पुढील अनेक वर्षांच्या उत्पन्नात तिपटीहून अधिक फरक घडवू शकते.

अपंगत्वाच्या बाबतीतही हेच दिसते. अपंगत्व निवृत्तिवेतनात सेवाघटक आणि अपंगत्वघटक असे दोन भाग असतात. अपंगत्वघटकाचा दर शंभर टक्के अपंगत्वासाठी वेतनाच्या ३० टक्के असून कमी अपंगत्वासाठी त्याच प्रमाणात कमी होतो. युद्धातील जखमेसाठी दर अधिक आहेत. मात्र अपंगत्व सेवेमुळे आले की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालतात. भरतीच्या वेळी वैद्यकीय नोंदीत आजार नमूद नसेल, तर तो सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर राहील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात दिला. अशा तंट्यांसाठी २००७ च्या कायद्यान्वये सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक खंडपीठ मुंबई येथे आहे.

प्रशिक्षणात जखमी होऊन प्रबोधिनीतून बाहेर पडावे लागलेल्या छात्रांचा प्रश्न सर्वांत करुण आहे. कमिशन मिळण्यापूर्वीच अपघात झाल्याने नियमांच्या भाषेत ते अधिकारी ठरत नाहीत. त्यांना अपंगत्व निवृत्तिवेतनाऐवजी सानुग्रह मासिक रक्कम मिळत आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये या विषयाची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात सरकारने अशा छात्रांना माजी सैनिक आरोग्य योजनेत सामावून घेण्याचा निर्णय केला. हा निर्णय स्वागतार्ह आहे; परंतु अठरा-वीस वर्षांच्या मुलाने राष्ट्रासाठी पत्करलेली जोखीम कमिशनच्या दिवसापासूनच सुरू होते, हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज त्यामुळे संपत नाही.

अन्य सुविधा

रोख वेतनाबाहेरील सुविधाही मोलाच्या आहेत. अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक व २० दिवसांची नैमित्तिक रजा अनुज्ञेय असते. प्रत्यक्षात ती मिळणे सेवेच्या निकडीवर अवलंबून असते. सरकारी निवासस्थान किंवा घरभाडे भत्ता, गणवेशासाठी वार्षिक भत्ता, प्रवास सवलती, मुलांसाठी शिक्षण भत्ता, अभ्यासरजा आणि लष्करी रुग्णालयांतील उपचार यांचा त्यात समावेश होतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या कॅन्टीन स्टोअर्स विभागामार्फत सवलतीच्या दरात वस्तू मिळतात. निवृत्तीनंतर एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेतून अधिकाऱ्याला व त्याच्या जोडीदाराला आयुष्यभर उपचार मिळतात. वाढत्या वैद्यकीय खर्चाच्या काळात या एका लाभाचे मूल्य मोठे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. लष्करी अधिकाऱ्याचे प्रारंभिक वेतन समकक्ष नागरी सेवेपेक्षा कमी नाही. लष्करसेवा वेतनामुळे ते काहीसे अधिकच आहे. मात्र कारकिर्दीच्या उत्तरार्धात पदोन्नतीच्या मनोऱ्यामुळे ही आघाडी मागे पडते. निश्चित निवृत्तिवेतन व आजीवन आरोग्यसेवा यांमुळे तोल पुष्कळसा सावरतो. पण हा तोल सांभाळणारे लाभ वीस वर्षांची सेवा पूर्ण करणाऱ्यालाच मिळतात. अल्पसेवा अधिकारी आणि प्रशिक्षणात अपंग झालेला छात्र यांनी जोखीम तीच पत्करली, तरी मोबदल्याचा पुढे ढकललेला भाग त्यांच्या हाती येत नाही. सध्याच्या रचनेतील मुख्य उणीव ही आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती आणि पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात काम केलेल्या रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये आठवा केंद्रीय वेतन आयोग स्थापन झाला. मूळ वेतनाचे आकडे किती वाढतात, याकडे सर्वांचे लक्ष लागणे स्वाभाविक आहे. तथापि अल्पसेवा अधिकाऱ्यांसाठी सेवाकाळाच्या प्रमाणात निवृत्तिलाभ आणि जखमी छात्रांसाठी हक्काचे अपंगत्व निवृत्तिवेतन या दोन बाबींचा विचार झाला, तर तो आकड्यांच्या वाढीपेक्षा अधिक मूलगामी ठरेल.

विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांवरही एक जबाबदारी येते. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलाला वा मुलीला पहिल्या महिन्याचा पगार सांगून थांबू नये. कमिशन कोणत्या प्रकारचे आहे, तेराव्या व विसाव्या वर्षी काय बदलते, वारसाची नोंद कोठे व कशी करावी, वैद्यकीय कागद का जपावेत, हे सर्व त्यांना प्रवेशापूर्वीच समजावून सांगावे. सेवेचे मोल पैशांत होत नाही, हे खरे. परंतु म्हणून सेवा करणाऱ्याने आपल्या हक्कांविषयी अनभिज्ञ राहावे, असे मुळीच नाही. पूर्ण माहिती असताना घेतलेला सेवेचा निर्णय अधिक जाणता असतो आणि म्हणूनच अधिक टिकाऊही असतो.